'स्पिरिच्युअल सपोर्ट'ला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठकर
नागपुरातल्या एका हॉस्पिसमध्ये आम्ही काही जण नेमाने जातो. रुग्ण बहुतेक कॅन्सरचे, आजार हटवायचे उपचार थांबलेले. दुखणं आटोक्यात ठेवायचं काम डॉक्टर-सिस्टरांचं. आम्ही खाटेशेजारी बसतो, ते बोलतील ते ऐकतो, कुणी म्हटलंच तर अभंग म्हणतो. आता मराठी माहितीपत्रक निघतंय. इंग्रजी मसुद्यातल्या 'स्पिरिच्युअल सपोर्ट'चं कुणीतरी 'आध्यात्मिक आधार' करून टाकलंय. मला ते खटकतं. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. मरणाच्या दारातल्या माणसाचं दुखणं त्यांनी चौपदरी मानलं होतं: शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि चौथं हे, म्हणजे 'माझ्याच वाट्याला का', 'आयुष्य फुकट गेलं का' असल्या प्रश्नांचं. या चौथ्याला हात घालणाऱ्या कामाला शब्द सुचवा.

इंदोऱ्याचा
खटकणारच नं! अधि + आत्मन्, शब्दातच आत्मा बसलाय. आमच्या वस्तीतल्या ज्या म्हाताऱ्याच्या मायबापानं १९५६ साली बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली, त्याला आत्माच मान्य नाही. धम्मात अनात्म आहे. श्राद्ध-पिंडदान करणार नाही, हे बावीस प्रतिज्ञांत स्पष्ट आहे. त्याला शेवटी त्रिसरण-पंचशील ऐकावंसं वाटेल, नाहीतर एखादं भीमगीत. तुम्ही ते आनंदानं म्हणाल, शंका नाही. पण पत्रक वाचून तो म्हणेल, हे काही आपल्यासाठी नाही. 'आत्मिक'ही नको. त्यातही आत्मा आहेच, वर तो मराठी ख्रिस्ती मंडळींच्या वापरातला. बाकीच्यांना वाटेल पाळक येणार आहेत.

निवृत्त सिस्टर
कोणते शब्द नकोत ते आधी सांगते. 'सांत्वन' तर नकोच बाप्पा! सांत्वनाला लोक माणूस गेल्यावर जातात. खाटेवरच्या जित्या माणसाला 'तुमच्या सांत्वनाला आलो' म्हणाल तर तो उठून बसेल. 'समुपदेशन'मध्ये उपदेश आहे, आणि काही पाहुणे खरंच तो करतात: मागच्या जन्माचं आहे, नामस्मरण वाढवा, अमक्या बाबांचा अंगारा लावा. 'धीर देणे' ऐकायला गोड. पण धीर देणारा हमखास म्हणतो, 'काही नाही होत, दिवाळीला घरी असाल.' ज्याला सगळं कळून चुकलंय त्याचं तोंड तिथंच बंद होतं. त्याला मुलीच्या लग्नाचं, भावाशी धरलेल्या अबोल्याचं बोलायचं असतं. वॉर्डात नातेवाइकांना आमचा प्रश्न एकच असायचा: 'रात्री सोबतीला कोण आहे?' सोबतीला आलेल्याकडून कुणी ज्ञानाची अपेक्षा करत नाही. तो असला म्हणजे झालं.

शब्दखूळ
'शुश्रूषा' कुणीच कसा काढला नाही? पिण्याची इच्छा ती पिपासा, जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, तशी 'श्रु' धातूपासून शुश्रूषा. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा! त्यावरून सांगितलेलं ऐकणे, मग सेवा, आणि मराठीत शेवटी आजाऱ्याची सेवा. (पाट्यांवर सर्रास 'सुश्रुषा' लिहितात, 'सु'चा इथे काही संबंध नाही.) तुमचं ऐकण्याचं काम या शब्दात आधीपासून आहे.

निवृत्त सिस्टर
व्युत्पत्ती झकास, पण शुश्रूषा म्हटलं की लोकांना ड्रेसिंग, स्पंज नि बेडपॅन आठवतं. पत्रकात लिहाल तर नातेवाईक तुम्हाला चादर बदलायला लावतील. हरकत नाही म्हणा, बदलावी.

धरमपेठकर
'सोबत' मलाही पटतोय. इंदोऱ्याचे भाऊ, तुमचा मुद्दा पुढच्या बैठकीत मांडतो. आमच्या प्रशिक्षणातही सांगितलं होतं की देवाचं नाव आपण काढायचं नाही. आधी विचारायचं, 'तुम्हाला बळ कशानं येतं?' कुणी ताजबागच्या दर्ग्याचं नाव घेतं, कुणी तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेचं. एक काका म्हणाले, संत्र्याच्या बागेनं. मग तासभर आंबिया बहार नि मृग बहार. याला 'आध्यात्मिक' म्हणायला जीभ धजत नाही, आणि काम तर तेच आहे.

आता दुसरी अडचण. बिल्ल्यावर 'स्वयंसेवक' लिहायचं का? शब्द शंभर टक्के बरोबर, पण गाव नागपूर. संघ इथेच १९२५ मध्ये निघाला. 'स्वयंसेवक आलेत' म्हटलं की ऐकणारा शाखेचेच समजतो, मग कुणी खूश, कुणी गप्प.

इंदोऱ्याचा
बिल्ल्यावर 'सोबती' लिहा न मग, काहून एवढा विचार करून राहिले? पत्रकात 'मनाची सोबत' आणि खाली एक साधं वाक्य: तुमचा धर्म, पंथ, विचार कोणताही असो, किंवा नसो.

शब्दखूळ
'सोबत' मुळात अरबी 'सुहबत', फारसीतून आलेला. म्हणजे ताजबागवाल्यांनाही परका नाही. मात्र छिंदवाडा-बालाघाटकडून येणाऱ्यांसाठी हिंदी पत्रक काढाल तेव्हा तो तसाच उचलू नका. हिंदीत 'सोहबत' बहुतेक वेळा बुरीच असते. तिथे 'साथ' करा.

धरमपेठकर
'मनाची सोबत' बैठकीत ठेवतो. 'मनाची' शब्दावर सॉन्डर्सबाईंचा दुसरा पदर पुढे करून कुणीतरी भांडणार, हे आत्ताच दिसतंय. नुसतं 'सोबत' ठेवलं तर?