‘शोषखड्डा’, ‘शौचखड्डा’ की ‘सेप्टिक टँक’?

प्रश्न : संडासाच्या बांधकामात हे तिन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. नेमका फरक काय?

उत्तर : शोषखड्डा पाणी जिरवतो. त्याच्या भिंती जाळीदार विटकामाच्या आणि तळ मातीचाच असतो. वायूही मातीतच शोषला जातो, म्हणून गॅसपाइप लागत नाही. सेप्टिक टँक पाणी धरते. तिला तळापासून गिलावा असतो, मैला खाली बसतो आणि वरचं पाणी पुढे शोषखड्ड्यात सोडावं लागतं. ‘शौचखड्डा’ हा ऐकण्यातला घोळ दिसतो.

आणखी एक : हा घोळ नुसता कानाचा नाही. मैला उपसणं विटाळाचं मानलं आणि ते काम ठरावीक जातींवर लादलं. त्यामुळे घरमालकाची पहिली अट असते, ‘खड्डा कधी भरायलाच नको.’ मग पाच माणसांच्या घराला दहा-बारा फूट खोल खड्डा खणतात. तो भूजलाला भिडला की विहिरीचं पाणी बिघडतं. खरं तर मीटरभर व्यासाचे आणि साधारण तेवढ्याच खोलीचे दोन शोषखड्डे पुरतात. दोन्हींत किमान मीटरभर अंतर ठेवायचं आणि वाय आकाराच्या चेंबरमधून, म्हणजे संडासाची वाट दोन खड्ड्यांकडे फाटते त्या छोट्या हौदीतून, एका वेळी एकच चालू ठेवायचा; तो भरला की बंद करून दुसरा. गवंडी अनेकदा चेंबरची दोन्ही तोंडं उघडी सोडतो. मग दोन्ही खड्डे ओले राहतात आणि सगळी योजनाच फुकट जाते.

‘सोनखता’बद्दल : कोशातला अर्थ माणसाच्या मैल्याचं खत. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण ‘मैला’ म्हटलं की मागे सरणारा माणूस ‘सोनखत’ म्हटल्यावर निदान ऐकून घेतो. पण तो जपून वापरा. बंद खड्डा दोन वर्षं कोरडा राहिला, तर आत काळपट, भुसभुशीत, वास नसलेली माती मिळते. तेच सोनखत. त्याआधी उपसलेल्या ओल्या मैल्यात जंतांची अंडी जिवंत असतात. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या 2013च्या कायद्यातली त्या कामाची व्याख्याही ‘पूर्ण कुजण्याआधी’ या अटीवरच उभी आहे.

म्हणून खड्डा बदलला की ती तारीख चेंबरच्या झाकणावर ओल्या सिमेंटात कोरून ठेवा. दोन वर्षं कधी भरली, हे तोंडी कुणाच्या लक्षात राहत नाही.