मदत हवी आहे: हे गृहस्थ १९९५ च्या सरकारात परराष्ट्रमंत्री झालेच कसे?

माळरान:
दिवाळी अंकाचा लेख उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचाय आणि मी एका वाक्यावर अडकलेय. ज्याला कम्युनिस्टांनी दोनदा तुरुंगात डांबलं, तोच माणूस पुढे माजी कम्युनिस्ट पंतप्रधान ओलेक्सींच्या सरकारात मंत्री! संपादक म्हणतात, पक्ष बदलला असेल, तसं लिहून टाका. मला पटत नाहीये. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

पाणवठा:
कोणाबद्दल? कुठला देश? नाव तरी द्या, ताई.

माळरान:
पोलंड हो. व्लादिस्लाव बार्टोशेव्स्की.

सहा_वर्षं_क्राकोत:
आधी नाव सुधारा. व्वादिस्वाफ बार्तोशेफ्स्की. त्या रेघ मारलेल्या ‘एल’चा उच्चार ‘व’ होतो. अंकात चुकीचं नाव छापून आलं की फार वाईट वाटतं.

जुना पिंपळ:
उच्चाराचं नंतर बघू, त्यांना घाई आहे. माळरान, पक्ष बदलला असं अजिबात लिहू नका, अन्याय होईल. ते ओलेक्सींचे नव्हे, राष्ट्राध्यक्ष वावेन्सांचे मंत्री होते. तेव्हा परराष्ट्र, संरक्षण आणि गृह ही तीन खाती राष्ट्राध्यक्षांची मानली जात. त्यांचे मंत्री तेच नेमायचे.

कलम_आणि_कायदा:
‘तेच नेमायचे’ बरोबर नाही. १९९२ च्या ‘छोट्या’, म्हणजे तात्पुरत्या, राज्यघटनेत एवढंच होतं की या तीन नावांवर पंतप्रधानांनी राष्ट्राध्यक्षांचं मत घ्यावं. वावेन्सांनी त्याचा अर्थ ताणला. १९९७ च्या राज्यघटनेत ही तरतूद राहिली नाही.

जुना पिंपळ:
कागदावर मत, प्रत्यक्षात निवड. डिसेंबर १९९५ मध्ये वावेन्सांची मुदत संपली आणि बार्तोशेफ्स्कीही गेले, यातच सगळं आलं.

करवीरकर:
पोलंडचा विषय निघालाय तर आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं जरूर लिहा. १९४३ ते १९४८ तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं.

माळरान:
दादा, वळिवडे वेगळा लेख आहे. आणि २००० मध्ये पुन्हा मंत्री झाले ते कुणामुळे?

जुना पिंपळ:
बुझेक पंतप्रधान होते. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री गेरेमेक यांचा पक्ष आघाडीतून बाहेर पडला, ते पद रिकामं झालं. पण पदांच्या यादीतच अडकू नका. हा माणूस १९४० मध्ये आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत कैदी क्रमांक ४४२७ होता. पुढे ज्यूंना लपवणाऱ्या झेगोटा संघटनेत काम केलं. २८ एप्रिल १९९५ ला तोच माणूस पोलंडचा मंत्री म्हणून जर्मन संसदेपुढे उभा राहिला आणि जर्मन भाषेत बोलला. लेखाची सुरुवात तिथून करा.

प्रवासी_पक्षी:
पोलंडला जाणार असाल तर शेंगेन व्हिसाला लवकर अर्ज करा. सुट्ट्यांच्या दिवसांत तारीख मिळत नाही.

सहा_वर्षं_क्राकोत:
भाषणाबद्दल सहमत. त्याआधी सुमारे साडेचार वर्षं ते व्हिएन्नात राजदूत होते, हेही घाला.

माळरान:
वाक्य असं केलंय: ‘ओलेक्सींच्या मंत्रिमंडळात ते बसले, पण वावेन्सांचे म्हणून, पक्ष त्यांनी बदलला नव्हता.’ चालेल?

कलम_आणि_कायदा:
‘वावेन्सांच्या आग्रहाने’ करा. मग चालेल.