रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेले) सी१क्यूबीपी (पी३२) मागवायचे आहे, कोणते घ्यावे?

निर्झरा_पुणे:
नमस्कार. मानवी सी१क्यूबीपी या प्रथिनावर माझे पीएचडीचे काम नुकतेच सुरू झाले आहे. हे प्रथिन मुख्यतः मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतील ऊर्जाकेंद्राच्या) मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आतल्या पोकळीत, असते, परंतु पेशीच्या पृष्ठभागावरही सापडते आणि तिथे पूरक प्रणालीतील (रक्तातील जंतुरोधक प्रथिनांच्या साखळीतील) सी१क्यू या प्रथिनाला जोडले जाते. मला सी१क्यूशी होणारे बंधन मोजायचे आहे. शिवाय हे प्रथिन बाहेरून दिल्यावर मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींचा दाहप्रतिसाद आणि ऑक्सिजनचा वापर बदलतो का, हेही पाहायचे आहे. बाजारात २८२ अमिनो आम्लांचे पूर्ण लांबीचे आणि ७४ ते २८२ एवढेच, असे दोन्ही प्रकार मिळतात. अनुदान तुटपुंजे असल्याने खरेदी एकदाच करता येईल. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

खडीसाखर:
निःशंकपणे ७४ ते २८२ घ्या. पहिली ७३ अमिनो आम्ले हा मायटोकॉन्ड्रियाकडे जाण्याचा पत्ता असून आत पोहोचल्यावर तो तुकडा कापला जातो, त्यामुळे परिपक्व प्रथिनात तो नसतोच. १९९९ साली प्रसिद्ध झालेली स्फटिकरचनाही याच परिपक्व प्रथिनाची आहे: तीन उपघटकांचे, मधोमध छिद्र असलेले कडे, ज्याच्या एका बाजूवर ऋण प्रभार दाटलेला आहे. ते ई. कोलाय जिवाणूमध्ये उत्तम तयार होते, म्हणून सस्तन पेशींत बनवलेल्या महागड्या प्रथिनासाठी पैसे घालवू नका. एक गोष्ट आधीच सांगतो. गणिताने वजन सुमारे २४ किलोडाल्टन येते, पण प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पट्टी ३३ च्या आसपास दिसते. प्रथिन अतिआम्लधर्मी असल्यामुळे असे होते. चुकीचा माल आला असे समजून परत पाठवू नका.

रानमोगरा:
ई. कोलायबद्दल सहमत, पण मॅक्रोफेजवर वापरणार असाल तर खरा प्रश्न एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूच्या आवरणातील विषारी घटकाचा, आहे. त्याचा अंशही टीएलआर४ या मॅक्रोफेजवरील ग्राहीला चेतवतो आणि मग दिसणारा दाहप्रतिसाद तुमच्या प्रथिनाचा की जिवाणूच्या आवरणाचा, हे कळत नाही. विक्रेत्याकडून त्या विशिष्ट बॅचचा एंडोटॉक्सिनचा आकडा लेखी मागवा आणि माल हाती आल्यावर स्वतः एलएएल ही एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी करा. पुढे शुद्ध करायची वेळ आली, तर ऋणभारित पदार्थ पकडणाऱ्या स्तंभावर फार भिस्त ठेवू नका, कारण एंडोटॉक्सिन आणि पी३२ दोन्ही ऋणभारित आहेत. ट्रायटन एक्स-११४ हे डिटर्जंट वापरून केलेले विलगीकरण त्यापेक्षा बरे. सोबत उकळलेल्या प्रथिनाचे नियंत्रण (तुलनेसाठीचा नमुना) ठेवा. उकळूनही परिणाम जसाच्या तसा राहिला, तर संशय एंडोटॉक्सिनवर घ्यावा, कारण ते उष्णतेला सहजी दाद देत नाही.

निर्झरा_पुणे:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. ऑक्सिजनच्या वापराचा प्रयोगही याच प्रथिनावर उरकता येईल ना?

खडीसाखर:
माझ्या मते नाही, आणि या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. बाहेरून घातलेले प्रथिन पृष्ठभागावरील भूमिकेबद्दल काही सांगेल; ते मॅट्रिक्सपर्यंत पोहोचेल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय परिपक्व रूपाला तो पत्ताच उरलेला नसतो. ऑक्सिजन वापरला जातो तो मुख्यतः मायटोकॉन्ड्रियात; तिथले काम पाहायचे असेल तर पेशींतील पी३२ कमी करावे आणि मग पूर्ण लांबीचे जनुक प्लाझ्मिडवाटे (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या कड्यावाटे) परत देऊन श्वसन पूर्ववत होते का, ते तपासावे. पी३२ नसलेले उंदीर गर्भावस्थेतच दगावतात आणि त्यांच्या पेशींत मायटोकॉन्ड्रियामधील प्रथिननिर्मिती बिघडलेली आढळते, हे २०१२ मध्ये दाखवले गेले. माणसांतही या जनुकातील दोषांमुळे श्वसनसाखळीचे आजार होतात. तेव्हा खरेदी फक्त बंधन आणि दाहप्रतिसाद यांच्यासाठी करा. श्वसनासाठी प्लाझ्मिड मागून घ्या, तो स्वस्तही पडतो.

तळ्याकाठी:
टॅगबद्दल (शुद्धीकरणासाठी प्रथिनाला जोडलेल्या तुकड्याबद्दल) कोणीच बोलले नाही. सी१क्यू ज्या भागाशी जोडले जाते, तो परिपक्व प्रथिनाच्या सुरुवातीलाच आहे, त्यामुळे तिथे लांबलचक टॅग नको. कापून काढता येणारा असेल तर उत्तम. पुढे किनिनोजेन या रक्तातील प्रथिनाचे बंधन करणार असाल, तर ते जस्तावर अवलंबून असते आणि हिस्टिडीनचा टॅगही जस्त पकडतो, म्हणून तिथे टॅग काढलेलेच प्रथिन वापरा. वाचन करताना जीसी१क्यूआर आणि एचएबीपी१ ही याच प्रथिनाची नावेही शोधा. दुसऱ्या नावाने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कस्तुरी दत्ता यांच्या गटाने हायल्युरोनन या पेशींबाहेरील शर्करासाखळीच्या अंगाने बरेच काम केले आहे, आणि केवळ पी३२ शोधल्यास ते हाती लागत नाही.