लहान टेबलांचं फ्रॅगमेंटेशन उतरतच नाही, काय करू?

तापीकाठ: रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याकडे वजनकाटा आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो. डेटाबेस मायक्रोसॉफ्टचा, एसक्यूएल सर्व्हर २०१४ची फुकट एक्सप्रेस आवृत्ती. 'गावे' टेबलाच्या इंडेक्सला (पटकन शोधायच्या सूचीला) पेजेस, म्हणजे साठवणीचे तुकडे, फक्त ६, पण फ्रॅगमेंटेशन, म्हणजे ती पेजेस विखुरलेली असणं, ६७ टक्के. दर रविवारी सगळी टेबलं रिबिल्ड करतो, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधतो, तरी आकडा जागचा हलत नाही. सोमवारी काट्याची पावती पटकन निघते, गुरुवारपासून रखडते आणि ट्रकवाले आवाज चढवतात. बजेट २ हजार, त्यातही मालक "कसाले?" विचारणार.

जिनिंगवाला: आधी एसएसडी टाक. आमच्या चाळीसगावच्या जिनिंगवर ६ हजाराची टाकली, मशीन पळतंय नुसतं.

शिरपूरकर: १६ जीबी रॅम टाका. मी टाकली, पैसा वसूल.

जुना_डीबीए: वसूल कुठून होणार भो? २०१४ची एक्सप्रेस बफरसाठी, म्हणजे डेटा मेमरीत धरून ठेवायला, १ जीबीच घेते. बाकी रॅमवर तुमचं क्रोमच चालतंय.

आता मूळ प्रश्न. पेज ८ केबीचं आणि अशा ८ पेजेसचा एक एक्स्टेंट. तुमच्या व्हर्जनमध्ये टेबलाची पहिली ८ पेजेस मिक्स्ड एक्स्टेंटमधून मिळतात, म्हणजे सामाईक चाळीतल्या खोल्या. जिथे रिकामी दिसेल तिथे मिळते. रिबिल्ड केलं तरी पुन्हा विखुरलेल्याच. ५ टक्क्यांच्या वर रिऑर्गनाइझ (पेजेस नुसती ओळीत लावणं) आणि ३० च्या वर रिबिल्ड, हा जो नियम सगळे सांगतात, तो साधारण १००० पेजेसच्या वर बघायचा. ६ पेजेस एकदा मेमरीत आली की तिथेच बसतात. सोडून द्या.

भरीत_प्रेमी: एसएसडीच घ्या. आणि दर महिन्याला डेटाबेस श्रिंक मारा, फाईल आटते, मी पाच वर्षं मारतोय.

जुना_डीबीए: मारू नका! श्रिंक शेवटची पेजेस उचलून पुढच्या रिकाम्या जागेत कोंबतं, फ्रॅगमेंटेशन तिथूनच येतं.

भरीत_प्रेमी: पाच वर्षांत एकदाही काही झालं नाही.

शिरपूरकर: झालेलं कळलं नसेल. आणि लोडशेडिंगचं कोणी बोलत नाही. आमच्याकडे बॅकअप चालू असताना लाईट गेली, यूपीएसनेही मान टाकली. आधी यूपीएस घ्या.

काटेकोर: सोमवार-गुरुवारवर कोणाचंच लक्ष नाही? इंडेक्स रिबिल्ड झाला की त्याचे स्टॅटिस्टिक्स, म्हणजे टेबलात काय किती आहे याची सर्व्हरची नोंद, फुल स्कॅनने (सगळ्या ओळी वाचून) नवे होतात. फायदा त्याचा आहे, ६७चा नाही. 'पावत्या' टेबलात ओळी किती?

तापीकाठ: ४ लाखांच्या आसपास.

काटेकोर: मग तेच. २०१४मध्ये स्टॅटिस्टिक्स आपोआप बदलायला ५०० अधिक एकूण ओळींच्या २० टक्के इतके बदल लागतात, म्हणजे तुमचे ८०,५००. तोवर या आठवड्याच्या पावत्या सर्व्हरच्या हिशेबी जवळजवळ नाहीतच, म्हणून प्लॅन, म्हणजे डेटा शोधायचा त्याने ठरवलेला मार्ग, चुकतो. त्या एका टेबलावर अपडेट स्टॅटिस्टिक्स विथ फुलस्कॅन रोज चालवा. एक्सप्रेसला ठरल्या वेळी कामं चालवणारा एजंट नसतो, विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडी (डेटाबेसला कमांड देणारा प्रोग्राम) लावा. खर्च शून्य.

जिनिंगवाला: एसएसडीवर हे सगळं लागत नाही.

तापीकाठ: लावलं. रात्री मालक पीसी बंद करून जातात, म्हणून दुपारी जेवणाच्या सुट्टीत ठेवलं. आज शुक्रवार, पावती दोन सेकंदात. पण रविवारचा रिबिल्ड काही बंद करत नाही, 'गावे'सकट. चार मिनिटांचं काम आहे, आणि तेवढ्यासाठी रविवारी जातो म्हणून मालक पेट्रोलचे पैसे देतात.

भरीत_प्रेमी: आता श्रिंकही मारून बघा.