मदत हवी आहे: जाहिरातीचं बजेट एकाच ठिकाणी पुरेल इतकं आहे. गूगल सर्च की इन्स्टाग्राम?

नमस्कार मंडळी,

आमचा छोटा व्यवसाय आहे. भिंतीत दुमडून जाणारे पलंग आणि भिंतीवर मिटणारी टेबलं आम्ही ऑर्डरप्रमाणे बनवतो. आजवर कामं ओळखीतूनच आली. आता वर्कशॉपमध्ये माणसं वाढवली आहेत, त्यांना वर्षभर हाताला काम द्यायचं तर जाहिरात करावीच लागणार. पैसे मात्र बेताचे आहेत. दोन्हीकडे वाटले तर कुठेच धड पुरणार नाहीत.

माझा ओढा गूगल सर्चकडे आहे. जो माणूस स्वतःहून पलंग शोधतोय त्याला पलंग हवा आहे हे उघड आहे. भाऊ म्हणतो इन्स्टाग्राम. त्याचं म्हणणं असं की कपाटासारखी दिसणारी फळी ओढली आणि पलंग खाली आला, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अशी वस्तू मिळते हेच लोकांना ठाऊक नसतं, मग शोधणार कोण? मला दोघांचंही पटतं, त्यामुळे निर्णय होत नाहीये.

आमच्याकडे ऑर्डर लगेच ठरत नाही. लोक फोन करतात, माप घ्यायला बोलावतात, घरी चर्चा होते आणि महिना-दीड महिन्याने होकार येतो. वेबसाइट आहे, पण खरेदी तिच्यावर होत नाही. ज्यांनी स्वतःच्या खिशातून जाहिराती चालवल्या आहेत त्यांनी कृपया अनुभव सांगा. "दोन्ही करा" एवढंच नको, ते परवडणारं नाही.

प्रतिसाद १

भावाचा मुद्दा आधी तपासून घ्या, त्याला जाहिरातीचा खर्च लागत नाही. गूगल अ‍ॅड्सच्या खात्यात कीवर्ड प्लॅनर असतो, म्हणजे कोणता शब्द (कीवर्ड) लोक किती वेळा शोधतात ते दाखवणारं साधन. खर्च न करणाऱ्या खात्याला तो नेमका आकडा न देता महिन्याला १०० ते १,००० असा पट्टा दाखवतो, पण तुम्हाला तेवढा अंदाज पुरेल. फक्त "भिंतीतला पलंग" टाकून थांबू नका. "लहान खोलीसाठी पलंग", "जागा वाचवणारं फर्निचर" असंही टाकून बघा. या लोकांना अडचण नेमकी माहीत आहे, उपाय माहीत नाही. असे शोध तुमच्या भागात बऱ्यापैकी दिसले तर मी डोळे झाकून सर्चपासून सुरुवात करेन, कारण बजेट कमी असताना आधीच गरज असलेला माणूस गाठणं स्वस्त पडतं.

पण सेटिंग बघितल्याशिवाय मोहीम चालू करू नका, पैसा तिथेच गळतो. नवीन सर्च मोहिमेत सहसा डिस्प्ले नेटवर्क (इतर वेबसाइट आणि अ‍ॅपवरच्या जाहिराती) आणि सर्च पार्टनर (गूगलबाहेरच्या शोधाच्या जागा) आधीपासून चालू असतात. दोन्ही बंद करा. ठिकाणाच्या पर्यायात "त्या भागात असलेले किंवा त्या भागात रस असलेले" अशी निवड आपोआप झालेली असते. तुम्हाला माप घ्यायला घरी जायचं आहे, म्हणून फक्त "असलेले" ठेवा. कीवर्ड ब्रॉड (दूरान्वयाने जुळणाऱ्या शोधांवरही जाहिरात) न ठेवता फ्रेज किंवा एक्झॅक्ट मॅचवर (अर्थाने जवळचे किंवा तंतोतंत शोध) ठेवा.

आणि सुरुवातीला रोज सर्च टर्म्सचा रिपोर्ट वाचा. लोकांनी खरोखर काय टाइप केलं ते त्यात दिसतं. "पलंग कसा बनवायचा", "जुना पलंग विकायचा आहे", "सुतारकाम नोकरी" अशा शोधांवर तुमची जाहिरात गेलेली दिसेल. असले शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे जाहिरात दाखवायची नाही अशा शब्दांच्या यादीत, टाकत जा. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या अनुभवात सर्वात जास्त पैसा यानेच वाचतो.

एखाद्या दिवशी ठरवलेल्या बजेटच्या दुप्पट खर्च दिसला तर घाबरू नका. गूगल एका दिवसात तेवढा करू शकतं, महिन्याचा हिशोब मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीच्या आत ठेवतं.

प्रतिसाद २

मी भावाच्या बाजूने. तुमची वस्तू हलते, उघडते, मिटते. असा व्हिडिओ करायला लोक धडपडतात आणि तुमच्याकडे तो आयता आहे. सर्चच्या जाहिरातीत मुख्यतः मजकूर असतो, चार शब्दांत हा पलंग समजावणं कठीण आहे.

तरी कमी बजेटची एक खरी अडचण सांगतो. मेटाची, म्हणजे इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची, जाहिरात यंत्रणा जाहिरात कुणाला दाखवायची हे शिकायला डेटा मागते. एका अ‍ॅड सेटला (एकच बजेट आणि प्रेक्षक असलेला जाहिरातींचा गट) आठवड्यात साधारण ५० वेळा हवी ती कृती मिळाली की हे शिकणं (लर्निंग) संपतं, असं मेटा सांगतं. तुम्हाला आठवड्यात ५० चौकश्या मिळणार नाहीत. त्यामुळे पाच-सहा अ‍ॅड सेट काढून पैसे विखरू नका. एकच ठेवा, त्यात दोन-तीन वेगळे व्हिडिओ टाका आणि दर दोन दिवसांनी त्यात हात घालू नका, कारण मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

इन्स्टंट फॉर्मही, म्हणजे जाहिरातीतच उघडणारा चौकशीचा फॉर्म, जपून वापरा. नाव-नंबर आपोआप भरला जातो, त्यामुळे फॉर्म ढिगाने येतात, आणि फोन केला की समोरून "कसला पलंग?" असं विचारतात. भिंतीची रुंदी किती, पलंग कधीपर्यंत हवा, असे दोन प्रश्न स्वतः टाइप करायला लावा. चौकश्या घटतील, पण ज्या राहतील त्या बोलण्यालायक असतील.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. प्लॅनर पाहिला. "भिंतीतला पलंग" अगदी खालच्या पट्ट्यात आहे, पण लहान खोलीच्या फर्निचरचे शोध त्याच्या वरच्या पट्ट्यात आहेत. म्हणजे शोधणारे आहेत, फक्त आमच्या शब्दांत शोधत नाहीत. भावालाही हे पटलं. पहिल्यांदा सर्च करायचं ठरतंय.

पण एक गोष्ट अजून सुटत नाही. पुढे इन्स्टाग्रामवर गेलो तर लोक व्हिडिओ पाहतील, नंतर गूगलवर आमचं नाव शोधतील आणि फोन करतील. मग ऑर्डर कुणाच्या खात्यात मांडायची? चुकीचं माध्यम बंद केलं तर वर्कशॉपमधल्या माणसांचं काम थांबेल, म्हणून विचारतोय.

प्रतिसाद ३

योग्य वेळी विचारलंत. गूगल आणि मेटा दोघांचे डॅशबोर्ड (रिपोर्ट दाखवणारी पानं) आपापल्या सोयीने श्रेय घेतात, एकाच ऑर्डरवर दोघंही हक्क सांगतात. त्यांची बेरीज कधीही करू नका. श्रेय घेण्याची मुदत म्हणून मेटा सहसा जाहिरातीवरच्या क्लिकनंतरचे ७ दिवस आणि नुसतं पाहिल्यानंतरचा १ दिवस धरतं, गूगल अ‍ॅड्स क्लिकनंतर ३० दिवस. तुमचा होकार महिना-दीड महिन्याने येतो, म्हणजे मेटावरून आलेली ऑर्डर तिच्या रिपोर्टमध्ये बहुधा दिसणारच नाही. म्हणून दोन्हीकडे मोजायची कृती ऑर्डर न ठेवता "माप घ्यायला बोलावलं" ही ठेवा. ती लवकर घडते आणि तिच्यात खरा रसही दिसतो. गूगलवर ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवता येते, तीही वाढवा.

तुमच्या स्वतःच्या नावाचे शोध वेगळ्या मोहिमेत काढा. नाहीतर व्हिडिओने आणलेली माणसं सर्चच्या खात्यात जमा होतील आणि सर्च आहे त्यापेक्षा भारी वाटेल.

फोन उचलणाऱ्या माणसाला पहिल्याच बोलण्यात "आमच्याबद्दल कुठे कळलं?" विचारायला सांगा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. "व्हिडिओ बघितला होता, मग गूगल केलं" असं आलं तर तसंच्या तसं लिहा, एका रकान्यात कोंबू नका. पुढे इन्स्टाग्राम सुरू कराल तेव्हा सर्चचं बजेट स्थिर ठेवा आणि माप घ्यायची एकूण बोलावणी वाढतात का एवढंच बघा. तुमचा निर्णयाचा काळ लांब आहे, तेव्हा किमान दोन महिने तरी थांबा.

धागाकर्ता

मापाच्या बोलावण्यांवर मोजायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून वही ठेवतो. लहान खोल्यांच्या शोधांसाठी वेबसाइटवर वेगळं पान बनवतोय, त्यावर भाऊ पलंग उघडण्याचा व्हिडिओ टाकणार आहे. पान तयार झालं की इथे मजकूर टाकतो, कृपया नजर घाला.