अनुभव धागा : भोसे गावचा वड आणि आपल्या वाटेवरची झाडे

मिरजेचा प्रवासी
गेल्या आठवड्यात मिरजेहून पंढरपूरला जात असताना तानंग फाटा मागे पडला, दंडोबाचा डोंगर दिसू लागला आणि शेजारी बसलेल्या भाच्याने भोसे कधी येणार असे विचारले. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागत नसे, कारण यल्लम्मा देवीच्या मंदिराजवळचा, चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड लांबूनच गाव सांगत असे. त्याचा विस्तार सुमारे 400 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 4 गुंठे होता. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो तोडला जाणार असे 2020 मध्ये कळले, तेव्हा गावकरी आणि वृक्षप्रेमी त्याच्याभोवती उभे राहिले. तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नितीन गडकरी यांना पत्र लिहिले आणि महामार्गाच्या आखणीत बदल होऊन झाड वाचले. पुढे 2022 च्या जूनमध्ये वादळी पावसात ते कोसळले. ज्यांनी त्या सावलीत घटकाभर विसावा घेतला आहे त्यांनी येथे लिहावे. इतर झाडांविषयी लिहिले तरी चालेल, मात्र झाड रस्त्याकडेचेच असावे.

माणदेशी सून
माझे माहेर मिरजेचे आणि सासर सांगोल्याकडचे असल्यामुळे प्रत्येक सणाला हाच रस्ता होता. लहान मुलाला घेऊन प्रवास करताना सासूबाईंचा नियम असा होता की पाणी आणि भाकरी वडाखालीच काढायची, कारण पुढे कवठे महांकाळ, नागज, जुनोनी या पट्ट्यात बसून खावे अशी सावली त्या काळी फारशी नव्हती. आषाढीच्या आधी तेथे दिंड्या थांबलेल्या दिसत. पखवाज खोडाला टेकवून ठेवलेले असत, ओले पंचे पारंब्यांवर वाळत असत आणि चुलीचा धूर फांद्यांत अडकून राहिलेला असे. वारकऱ्यांनी आम्हाला चहा घेतल्याशिवाय कधी जाऊ दिले नाही. बाकीचे रात्री लिहीन, आता कुकरची शिट्टी झाली आहे.

चहाबाज
चारशे वर्षांचा? आपल्याकडचा प्रत्येक वड 400 वर्षांचाच असतो. 380 वर्षांचा वड सांगणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे.

वनस्पतीशास्त्राची बाई
चहाबाज यांची शंका थट्टेची असली तरी रास्त आहे. वडाचे मूळ खोड म्हातारपणी पोकळ होते, त्याच्याभोवतीच्या पारंब्या जाड होऊन त्याला चिकटतात आणि मोजण्याजोगी वर्तुळे शिल्लक राहत नाहीत. त्यामुळे गावाच्या तोंडी जे वय असते तेच बहुधा बातमीतही छापून येते. मात्र वय चारशे धरले काय किंवा दोनशे धरले काय, झाडाचे मोल त्याने कमी होत नाही. वडाची खरी श्रीमंती त्याच्या फळांत असते. त्याची फुले फळाच्या आतच दडलेली असतात आणि त्यांचे परागीभवन केवळ वडावरच वाढणाऱ्या एका चिमुकल्या कीटकाकडून होते. ऐन उन्हाळ्यात बाकीचा मुलूख करपलेला असताना या लाल फळांवर हरियाल, तांबट, मैना आणि रात्री वटवाघळे येतात. त्या कोरड्या पट्ट्यात एवढा मोठा वड उभा असणे ही पक्ष्यांच्या दृष्टीने किती मोठी सोय होती, याची कल्पना बसच्या खिडकीतून सहसा येत नाही.

निवृत्त रस्तेवाला
माझे सारे आयुष्य रस्त्यांच्या कामात गेले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आखणी बदलली, झाड वाचले, असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर फक्त खोड असते. नकाशावर झाडाच्या जागी एक लहानसे वर्तुळ काढलेले असते आणि त्या वर्तुळाला रस्ता लागला नाही म्हणजे काम झाले असे समजले जाते. प्रत्यक्षात झाडाला पोसणारी बारीक मुळे मातीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे गेलेली असतात. तेथे गटारासाठी चर खणला तर मुळे तुटतात, भराव टाकून रूळ फिरवला तर मातीतली हवा संपते. पाने मात्र पुढची दोन-तीन वर्षे हिरवीच राहतात, त्यामुळे कोणाला काही वावगे वाटत नाही.

दुसरी गोष्ट पारंब्यांची. वडाच्या आडव्या फांद्यांचे वजन जमिनीत रुजलेल्या पारंब्या पेलतात. रस्त्याच्या बाजूच्या पारंब्या ट्रकच्या टपाला लागतात म्हणून वर्षानुवर्षे छाटल्या जातात आणि त्या बाजूला एकही खांब तयार होत नाही. कोलकात्याजवळ शिवपूरच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वडाचे मुख्य खोड बुरशीने कुजल्यामुळे 1925 मध्ये काढून टाकावे लागले. तरीही तो वड आजतागायत हजारो पारंब्यांवर उभा आहे, कारण तेथे पारंब्यांना जमिनीपर्यंत पोहोचू दिले जाते. रस्त्याकडेच्या वडाला ती मुभा आम्ही कधी दिली नाही. नोकरीत मी हे सर्वत्र पाहिले आणि बैठकांत बोललोही, पण झाडाच्या मुळांसाठी अंदाजपत्रकात रकाना नसतो.

चहाबाज
साहेब, आता मस्करी बंद. पारंबीचे हे गणित मला ठाऊक नव्हते. आम्ही तिचा उपयोग फक्त झोके घेण्यासाठी केला.

तेव्हा तिथे असलेला
2020 च्या जुलैमध्ये मी तेथे होतो. करोनाचे दिवस असल्याने मुखपट्ट्या लावून आणि अंतर ठेवून झाडाभोवती उभे राहावे लागले, त्यामुळे खोडाला मिठी मारण्याचे छायाचित्र हवे असलेल्यांची जरा पंचाईतच झाली. गावातील माणसे जी कारणे सांगत होती ती बातम्यांत फारशी आली नाहीत. कोणाचे लग्न तेथे ठरले होते, कोणाच्या म्हशी दुपारी तेथे बसत, तर एका आजोबांचे म्हणणे एवढेच होते की उद्या मी बसू कुठे. निर्णय झाला तेव्हा आनंद झाला आणि सगळे आपापल्या घरी गेले. निवृत्त रस्तेवाला यांनी जे लिहिले आहे ते सांगणारे कोणी तेव्हा आमच्यात असते, तर पुढची दोन वर्षे आम्ही मुळांवरही लक्ष ठेवले असते.

बेदाणेवाला
आमची द्राक्षबाग याच पट्ट्यात आहे. म्हैसाळ योजनेचे पाणी आले आणि बागा वाढल्या, पण बांधावरची मोठी झाडे आम्हीच काढली, कारण सावलीत द्राक्ष येत नाही. त्यामुळे महामार्गाला एकट्याला दोष देणे मला अवघड जाते. ताई, पुढच्या वेळी सांगोल्याला जाताना आमच्याकडे या, या वर्षीचा बेदाणा चांगला झाला आहे.

माणदेशी सून
अवश्य येऊ, दादा. भाव मात्र माहेरवाशिणीचा लावा. वड पडला तेव्हा वटपौर्णिमा तोंडावर आली होती. सासूबाईंनी त्या वर्षी फोनवर भोसेच्या वडाची बातमी तीनतीनदा विचारून घेतली आणि फांदी तोडून आणून घरात पूजा करणाऱ्या शेजारणीला चांगलेच सुनावले.

सांताक्रूझकर
आमच्याकडे वड नव्हे, गोरखचिंच होती. स्वामी विवेकानंद मार्गावरचे ते झाड मेट्रोच्या कामासाठी 2024 मध्ये तोडले गेले. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना त्या पिंपासारख्या बुंध्याची खूण पुरत असे. गोरखचिंच मूळची आफ्रिकेतली, पण मुंबई आणि वसईच्या परिसरात तिची जुनी झाडे आहेत. आता मी पत्ता सांगताना औषधाच्या दुकानाचे नाव सांगतो आणि दुकान दर दोन वर्षांनी बदलते.

कायदेवाचक
वयाचा वाद निरर्थक नाही. 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा नागरी क्षेत्रांसाठी आहे. 2021 मध्ये त्यात सुधारणा होऊन 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना प्राचीन वृक्ष ही ओळख मिळाली आणि असे झाड तोडायचे झाल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावावीत अशी तरतूद झाली. म्हणजे शहरात वड चारशेचा की दोनशेचा यावर दोनशे रोपांचा हिशेब अवलंबून राहतो. भोसेसारख्या गावात उभ्या असलेल्या झाडाला मात्र नागरी क्षेत्राचा हा कायदा लागू होत नाही. तेथे माणसेच उभी राहावी लागतात, आणि ती राहिली.

चहाबाज
चारशे रोपे लावली तरी त्यांतील जगतात किती, हेही कोणीतरी मोजावे.

मिरजेचा प्रवासी
एवढे प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. बाईंना एक विचारायचे आहे. आमच्या शेताच्या कडेला, रस्त्यापासून आत, मोकळी जागा आहे. एखाद्या जुन्या वडाची फांदी आणून लावली तर ती जगते का, की रोपच आणावे?

वनस्पतीशास्त्राची बाई
फांदी जगते. मनगटापेक्षा जाड, पुरुषभर उंचीची सरळ फांदी पावसाळ्याच्या तोंडावर निवडावी, पाने काढून टाकावीत, वरच्या कापावर शेण लिंपावे आणि दोन-अडीच फूट खोल पुरून माती घट्ट दाबावी. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे लागेल आणि शेळ्यांपासून काटेरी कुंपण हवे. विहीर, घर आणि पाइपलाइन यांच्यापासून किमान पन्नास-साठ फूट अंतर ठेवा. पुढे पारंब्या सुटल्या की त्या जमिनीपर्यंत येऊ द्या, आणि ही गोष्ट शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर नांगराला आडव्या येतात म्हणून कोणीतरी कोयता घालतोच.