तेल उद्या संपणार नाही, पण सोलापूर आजच अडकलंय

होटगीकर
तेलावर आपण किती टेकलोय हे पंपावर कळत नाही, मार्केट यार्डात कळतं. कांदा यार्डात येतो डिझेलवर, हैदराबादला जातो तोही डिझेलवर. डाळिंबाच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्यासुद्धा तेलापासूनच. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूरचे सरकारी भूमिगत साठे काठोकाठ भरले तरी देशाला जेमतेम साडेनऊ दिवस पुरतील. मुंबई हाय सापडलं १९७४ मध्ये, त्यानंतर तेवढं मोठं तेलक्षेत्र देशात सापडलेलं नाही. एसटी, सिटी बस आणि शेतीपंप तेलावरून उतरवायला जिल्ह्यानं आत्ताच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

विजापूर नाका
होटगीकर, उगाच भीती घालू नका. अमेरिकेचं तेल १९७० च्या सुमारास शिखर गाठून उतरेल, असं भूगर्भशास्त्रज्ञ हबर्टनं १९५६ मध्येच सांगितलं होतं. तसं झालंही. पुढे शेल खडकातून तेल निघालं आणि २०१८ मध्ये अमेरिकेनं जुना उच्चांक मोडला. भाव चढला की माणूस आणखी खोल जातो. शिवाय आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय, त्यात आपल्या उसाचंही आहे. आपल्या तेलविहिरी शेतातच आहेत की!

माढ्याचा शेतकरी
अण्णा, इथेनॉल मोजताना उजनीही मोजा. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाचा उपयुक्त साठा संपून ते मायनस पन्नास टक्क्यांच्या खाली गेलं होतं. साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायला साधारण २,८६० लिटर पाणी लागतं, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच आहे. त्या लिटरात ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी. आणि ते मिसळतं पेट्रोलमध्ये. आमचा ट्रॅक्टर, तुमचा मालट्रक डिझेलवर चालतो. शहराला काही दिवसांआड पाणी येतं आणि आपण ते गाडीच्या टाकीत ओतायचं? मला हे पटत नाही.

पंढरपूरकर
पाण्याचं खरंय दादा, पण ऊस सोडून लावू काय? उसाला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, कायद्यानं आहे. डाळिंबावर तेल्या रोग आला की बाग काढावी लागते. कांद्याची निर्यात डिसेंबर २०२३ मध्ये एका आदेशानं बंद झाली. उसाऐवजी मक्याचं इथेनॉल चालतं असं काही जण म्हणतात, तर मका हमीभावानं घेणारा माणूस आधी दारात उभा करा. मग ऊस कमी करायला सांगा.

होटगीकर
पंढरपूरकर, हमी आधी हवी, हे मान्य. विजापूर नाका, शेलची विहीर पहिल्या एक-दोन वर्षांतच झपाट्यानं आटते, सतत नवी खणावी लागते. आणि ते तेल त्यांचं. आपण डॉलर मोजून घेणारे. जुलै २००८ मध्ये पिंप १४७ डॉलरला गेलं तेव्हा तेल संपलं नव्हतं, तरी देशाचं कंबरडं मोडायची वेळ आली होती. लांबचा माल तरी रेल्वेवर चढवा. शेतमाल नेणारी देशातली शंभरावी किसान रेल डिसेंबर २०२० मध्ये आपल्या सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली होती.

विजापूर नाका
रेल्वेला विरोध नाही. पण बागेपासून स्टेशनपर्यंत पिकअपच लागतो, आणि तो डिझेलचा. छोट्या गाडीवाल्यानं बॅटरीची गाडी घ्यायची तर कर्ज कोण देणार, गावात चार्जिंग कुठे करायचं, हे सांगा. तोवर मी इथेनॉलच्याच बाजूनं.